मानसशास्त्रातलं संशोधन खुलं करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

सांजवारा

इच्छाशक्ती वापरली की संपते, दोन मिनिटं छाती काढून उभं राहिलं की शरीरातले हार्मोन्स बदलतात आणि माणूस धीट होतो, असल्या गोष्टी आपण सगळ्यांनीच कुठे ना कुठे वाचल्यात आणि पुढे "संशोधनातून सिद्ध झालंय" हे शेपूट असतंच. यातल्या पहिल्या गोष्टीची २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून, दोन हजारांवर लोकांवर, आधी ठरवलेल्या एकाच पद्धतीने फेरतपासणी केली, परिणाम जवळपास शून्य. मग २०२१ मध्ये ३६ प्रयोगशाळा, साडेतीन हजार लोक, तरी तेच. दुसऱ्या गोष्टीचा मूळ प्रयोग ४२ लोकांवर झालेला होता. २०० लोकांवर परत केला तेव्हा लोकांना आपण दमदार आहोत असं "वाटलं" खरं, पण हार्मोन्स हलले नाहीत आणि धोका पत्करण्याचं वागणंही बदललं नाही. मूळ पेपरच्या पहिल्या लेखिका डेना कार्नी यांनी २०१६ मध्ये जाहीरपणे लिहिलं की हा परिणाम खरा आहे असं मला आता वाटत नाही. मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे, स्वतःच्या सगळ्यात गाजलेल्या कामाबद्दल असं लिहायला जिगर लागते.

मग २०१५ चा तो मोठा प्रकल्प, तीन नामवंत जर्नल्समधले २००८ सालचे १०० अभ्यास परत करून बघितले. मूळ पेपरांत ९७ टक्के निकाल "सिग्निफिकंट" (म्हणजे नुसत्या योगायोगाने असं दिसणं अवघड, असं आकडेशास्त्राने ठरवलेले) होते, परत केल्यावर ३६ टक्के उरले आणि परिणामाचा आकार सरासरी निम्म्यावर आला. तेव्हापासून एक वाक्य सारखं ऐकू येतं की मानसशास्त्र म्हणजे सगळा भंपकपणा. मला ते अजिबात पटत नाही. ही तपासणी बाहेरच्या कुणी धाड घालून केलेली नाही, याच विषयातल्या २७० लोकांनी स्वतःच्या विषयाची केली आणि सगळा डेटा सगळ्यांसमोर ठेवला.

माझ्या मते सगळ्यात जास्त शिकवून गेलं ते २०११ साल. कॉर्नेलच्या डॅरिल बेम यांचा पेपर आला, विषय काय तर माणसाला भविष्यातल्या गोष्टींची चाहूल लागते. नऊ प्रयोग, हजारावर विद्यार्थी, नऊपैकी आठ सिग्निफिकंट, आणि छापलं कुठे तर सामाजिक मानसशास्त्रातल्या सगळ्यात वजनदार जर्नलमध्ये. लोक हादरले ते निष्कर्षामुळे नाही. पद्धत सगळ्यांच्या ओळखीची होती म्हणून हादरले, रोज आपण जे करतो तेच करून जर भविष्य दिसतंय असं "सिद्ध" होत असेल तर रोज करतो त्यात काहीतरी मोठी गडबड आहे. आणि दुसऱ्या काही संशोधकांनी तो प्रयोग परत करून परिणाम मिळत नाही असं त्याच जर्नलला कळवलं तर उत्तर आलं, आम्ही रेप्लिकेशन (म्हणजे जुना प्रयोग परत करून बघणं) छापत नाही!

त्याच वर्षी डिडेरिक स्टापेल या डच सामाजिक मानसशास्त्रज्ञाचं प्रकरण बाहेर आलं, घरी बसून डेटा बनवायचा, पुढे ५८ पेपर मागे घ्यावे लागले. पण माझं ठाम मत आहे की स्टापेलसारखे लोक हा मुख्य आजार नाहीच. मुख्य आजार हा की प्रामाणिक माणूससुद्धा डेटा बघून झाल्यावर शंभर छोटे निर्णय घेतो, त्यातले नेमके सोयीचे पेपरात उतरतात, आणि वाचणाऱ्याला कुठला निर्णय आधीचा आणि कुठला नंतरचा हे कळायला काहीच मार्ग नसतो. खुलं विज्ञान म्हणजे माझ्या लेखी एवढंच, की तो मार्ग वाचकाला द्यायचा.

त्यासाठी हातात काय आहे? प्रीरजिस्ट्रेशन (म्हणजे डेटा गोळा करण्याआधी गृहीतक, सॅम्पल, विश्लेषण लिहून तारखेसकट नोंदवून ठेवणं), डेटा आणि कोड खुला करणं, आणि रजिस्टर्ड रिपोर्ट. माझा जीव शेवटच्यात अडकलाय. यात जर्नल तुमचा प्रश्न आणि पद्धत प्रयोगाच्या आधी तपासतं, पटली तर तेव्हाच तत्त्वतः स्वीकारतं, नंतर निकाल काहीही येवो. २०१३ मध्ये ख्रिस चेंबर्स यांनी 'कॉर्टेक्स' जर्नलमध्ये सुरू केलं, आता तीनशेच्या वर जर्नल्स घेतात. २०२१ मध्ये शील, शेयन आणि लाकेन्स यांनी तुलना केली, नेहमीच्या पेपरांत पहिलं गृहीतक ९६ टक्के वेळा खरं निघत होतं, रजिस्टर्ड रिपोर्टमध्ये ४४ टक्के. या दोन आकड्यांमधली दरी मी वर्गात फळ्यावर लिहिते आणि काही न बोलता थांबते, पोरांना लगेच समजतं.

चर्चा करायची आहे ती यावर की हे सगळं सामान्य संशोधकाला, ज्याच्याकडे ना पैसा ना मोठी टीम, कितपत जमण्यासारखं आहे.

प्रश्नचिन्ह

लेख आवडला पण एक गोष्ट डोक्यात शिरत नाहीये, जरा इस्कटून सांगा. आकडे तर तेच आहेत ना? मी गृहीतक आधी लिहिलं काय आणि नंतर लिहिलं काय, डेटाला थोडंच माहितीये मी कधी लिहिलं ते. मग आधी लिहून ठेवल्याने आकड्यांचा अर्थ कसा बदलतो?

गणिती_किडा

@प्रश्नचिन्ह, फार नेमका प्रश्न आहे आणि भल्याभल्यांना पडतो. डेटाचा अर्थ बदलत नाही, पी-व्हॅल्यूचा बदलतो. ०.०५ च्या खाली आलं म्हणजे "परिणाम नसताना असं दिसण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी", पण हे गणित एकच चाचणी ठरवली आणि तीच केली असं धरून केलेलं असतं. तुम्ही चार वाटांनी जाऊन बघितलं आणि जी लागली ती सांगितली तर ते ५ टक्के ५ राहत नाहीत.

सिमन्स, नेल्सन आणि सिमनसन यांनी २०११ मध्ये खोटा परिणाम सापडण्याची शक्यता ५ टक्क्यांवरून किती वाढते हे मोजूनच दाखवलं. दोन मापं घेतली आणि जे जमलं ते सांगितलं, ९.५ टक्के. प्रत्येक गटात २० जणांवर बघितलं, नाही जमलं म्हणून आणखी १० घेतले, ७.७ टक्के. एकेक सूट बघितली तर निरुपद्रवी वाटते. पण अशा चार सवलती एकत्र घेतल्या की खोटा परिणाम "सापडण्याची" शक्यता ६०.७ टक्के, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा वाईट. त्याच पेपरात त्यांनी खरोखरच्या विद्यार्थ्यांचा खराखुरा डेटा घेऊन, याच सवलती वापरून, एक विशिष्ट गाणं ऐकल्याने माणसाचं वय दीड वर्षाने कमी होतं असं सिग्निफिकंट दाखवलं. मूड नाही, भावना नाही, वय!

आता दुसरी बाजू जी लोक विसरतात, छोटं सॅम्पल. प्रत्येक गटात २० माणसं असतील तर सिग्निफिकंट यायला फरक किमान ०.६४ स्टँडर्ड डेव्हिएशनएवढा (स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) दिसावाच लागतो, त्याहून कमी दिसला तर पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली जातच नाही. समजा खरा फरक ०.३ आहे. मग या सॅम्पलमधून जो काही छापून येईल तो खऱ्याच्या दुपटीहून मोठाच असणार, कुणी काहीही लबाडी केलेली नसताना. म्हणून परत केल्यावर आकार निम्म्यावर येतो तेव्हा मला आश्चर्य वाटत नाही. ०.५ चा फरक ८० टक्के वेळा पकडायचा तर गटाला ६४ माणसं लागतात, ०.२ चा पकडायचा तर चारशेच्या आसपास. मानसशास्त्रातले संख्याशास्त्रज्ञ जेकब कोहेन १९६२ पासून ओरडून सांगत होते आणि पन्नास वर्षं कुणी कान दिला नाही याचा मला खरोखर राग येतो.

प्रश्नचिन्ह

आता कळलं, धन्यवाद. म्हणजे निकाल बघून गृहीतक लिहिणं म्हणजे आधी कळस मग पाया. पण मग अनपेक्षित काही सापडलं तर ते फेकून द्यायचं का? शोध तर असेच लागतात ना.

सांजवारा

@प्रश्नचिन्ह, अजिबात नाही फेकायचं! हा गैरसमज इतका पसरलाय की मला दरवेळी हे ठासून सांगावं लागतं. सापडलेलं सगळं लिहा, फक्त "हे आम्ही आधी म्हटलं नव्हतं, बघता बघता दिसलं" असं लिहा. मग दुसरा कुणी, किंवा तुम्हीच, नवीन डेटावर ते तपासा. शोधक विश्लेषण दुय्यम दर्जाचं नाही, त्याला तपासणीचा मुखवटा घालणं चूक आहे.

निळाई

मी समुपदेशन करते, संशोधक नाही, पण हा धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. आमच्याकडे लोक गोळ्या घ्याव्या का नाही, अमुक थेरपी चालते का हे विचारतात आणि आम्ही काय वाचून सांगतो, छापलेलं. २००८ मधला टर्नर आणि सहकाऱ्यांचा नैराश्यावरच्या औषधांचा अभ्यास मी पहिल्यांदा वाचला तेव्हा झोप उडाली होती. अमेरिकेच्या औषध नियामकाकडे नोंद असलेले ७४ अभ्यास, त्यातले ३८ औषधाच्या बाजूने, ते ३८ पैकी ३७ छापून आले. उरलेले ३६ उलटे किंवा संशयास्पद, त्यातले २२ छापलेच नाहीत, ११ असे छापले की वाचणाऱ्याला औषध चाललं असं वाटावं, आणि फक्त ३ जसे होते तसे. म्हणजे माझ्यासारखी जर्नल वाचणारी म्हणणार ९४ टक्के अभ्यास बाजूचे, आणि नियामकाच्या फाइलीत ५१ टक्के! औषधं निरुपयोगी आहेत असा याचा अर्थ नाही हे मला नीट माहितीये आणि कुणी हे वाचून मनाने गोळ्या बंद करू नका प्लीज. पण ही फाइल निदान कुठेतरी होती म्हणून कुणाला जाऊन बघता आली. बोलण्याच्या थेरपीच्या, समुपदेशनाच्या अभ्यासांची अशी फाइल किती वर्षं नव्हतीच. जे कपाटात राहिलं ते राहिलं. समोर बसलेल्या माणसाला मी काय सांगायचं मग?

गणिती_किडा

निळाई यांना +१. याच्याच जोडीला हृदयरोगाच्या मोठ्या सरकारी चाचण्यांची तुलना आहे, कॅप्लन आणि अर्विन, २०१५. सन २००० च्या आधी ३० पैकी १७ चाचण्यांत फायदा दिसला होता, नंतर २५ पैकी २. मधल्या काळात मुख्य निकाल कुठला मोजणार हे आधी नोंदवणं सुरू झालं. तेवढंच कारण असेल असं नाही म्हणता येणार, पण लक्षात ठेवण्यासारखं आहे.

ओलीसुकी

सगळं मान्य करून थोडा विरोधी सूर लावते. मी मुलाखतींवर काम करते, हिंसा सोसलेल्या बायकांच्या. खुल्या विज्ञानाची चर्चा सुरू झाली की गाडी सरळ "डेटा टाका ना मग ऑनलाइन" इथे येऊन थांबते आणि मला घाम फुटतो. नाव काढलं म्हणजे माणूस ओळखू येत नाही हा भ्रम आहे. गावाचा आकार, मुलांची संख्या, नवऱ्याचा धंदा आणि कुठल्या वर्षी दवाखान्यात गेली, एवढ्यावर तिची जाऊ ती मुलाखत ओळखेल. आणि ज्या बाईने माझ्यावर विश्वास टाकला तिने तो "संशोधन समुदायावर" टाकलेला नाही, माझ्यावर टाकलाय. २०१६ मध्ये एका डेटिंग साइटच्या सुमारे ७०,००० लोकांची माहिती, युजरनेम आणि लैंगिक आवडीनिवडींसकट, संशोधनाच्या नावाखाली सरळ उघड्यावर टाकली गेली आणि समर्थन काय तर ती आधीच सार्वजनिक होती. हेसुद्धा "खुलं"च म्हणायचं का?

दुसरं, आमच्या पद्धतीत गृहीतक आधी ठरवणं बसतच नाही, प्रश्नच मुलाखती घेता घेता घडत जातो. मग आम्ही कमी विश्वासार्ह का?

सांजवारा

@ओलीसुकी, तुमच्या पहिल्या मुद्द्यावर पूर्ण सहमत आणि हे मोठ्याने बोललं गेलं पाहिजे. जिथे माणसाला इजा होऊ शकते तिथे डेटा बंदच राहायला हवा, त्यावर तडजोड नाही. पण त्याचं कारण लिहा, आणि जे उघडं करता येतं ते करा: मुलाखतीची प्रश्नावली, संमतीपत्रात काय लिहिलं होतं, मुलाखतीतल्या मजकुराला संकेत (कोड) कसे लावले, कुठल्या टप्प्यावर विचार बदलला. संमती घेतानाच "हे कुणाकुणाला दिसेल" हे दोन-तीन पर्यायांत विचारता येतं, सगळं किंवा काहीच नाही असं नसतं. आकड्यांवाल्यांनी मात्र याची ढाल करू नये. २००६ मध्ये विखर्ट्स आणि सहकाऱ्यांनी १४१ पेपरांच्या लेखकांकडे डेटा मागितला, ७३ टक्के लोकांनी दिला नाही. तेव्हा हे पेपर छापणाऱ्या जर्नल्सच्या लेखकांनी मागितल्यावर डेटा देऊ अशी लेखी कबुली दिलेली होती. ते सगळे काही नाजूक मुलाखती घेत नव्हते.

ओलीसुकी

हो, हे चालेल. विचार कुठे बदलला याची नोंद आम्ही ठेवतोच, वहीत असते. ती कुणी कधी मागितली नाही एवढंच. ती वही परिशिष्टात लावायची कल्पना आवडली.

उलटतपासणी

बराच वेळ वाचत होतो. धाग्याचा हेतू चांगला आहे पण मला भीती वेगळीच वाटते, की हा नवा कर्मकांडाचा प्रकार होऊन बसेल. प्रीरजिस्ट्रेशन केलं की पेपरवर तसं सांगणारा बॅज, बॅज दिसला की रिव्ह्यूअर (पेपर तपासणारे) खूश, आत कुणी उघडून बघत नाही. मी रिव्ह्यूला आलेल्या पेपरांच्या नोंदणी उघडून वाचतो आणि त्यात "योग्य ते विश्लेषण करण्यात येईल" अशी वाक्यं असतात. हे नोंदवून काय मिळालं? इतकं मोघम लिहिलं की नंतर काहीही त्यात बसतं.

आणि चळवळीतली मोठी माणसंही यातून सुटत नाहीत. २०२३ मध्ये 'नेचर ह्युमन बिहेवियर'मध्ये पेपर आला की प्रीरजिस्ट्रेशन, मोठं सॅम्पल वगैरे चांगल्या सवयी पाळल्या की रेप्लिकेशन भरपूर वाढतं. लेखकांत ब्रायन नोसेकसुद्धा, म्हणजे ज्यांनी सेंटर फॉर ओपन सायन्स उभं केलं तेच. २०२४ मध्ये तो पेपर मागे घेतला गेला, कारण सगळी विश्लेषणं आधी नोंदवली होती हा त्यातला दावाच टिकला नाही. मी हे कुणाची जिरली म्हणून सांगत नाहीये. नोंदणी हाच ज्यांचा विषय त्यांच्याकडून हे होऊ शकतं, तर बाकीच्यांच्या नोंदणीवर डोळे झाकून विश्वास कसा ठेवायचा?

शिवाय एकच डेटा, एकच प्रश्न, आणि सगळे प्रामाणिक असले तरी उत्तर एक येत नाही. फुटबॉलचे पंच काळ्या खेळाडूंना जास्त लाल कार्ड दाखवतात का हा प्रश्न २९ टीम्सना एकच डेटा देऊन विचारला होता, २० टीम्सना फरक सिग्निफिकंट मिळाला, ९ ना नाही. प्रीरजिस्ट्रेशनने यातली एक वाट आधी निवडली जाते, ती बरोबर आहे हे कुठे ठरतं?

गणिती_किडा

शेवटच्या मुद्द्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, खरं आहे तुमचं. म्हणून मला वाटतं की शक्य तिथे पाच-सहा वाजवी वाटांनी विश्लेषण करून सगळ्यांचे निकाल शेजारी शेजारी छापावेत, निष्कर्ष एका वाटेवरच उभा असेल तर वाचकाला दिसू दे. पण मागे घेतलेल्या पेपरचं म्हणाल तर मी उलटं वाचतो ते. नोंदी उघड्या होत्या म्हणून बाहेरच्या लोकांना दावा आणि नोंद शेजारी ठेवून बघता आली. नोंदी नसत्या तर तो दावा आजही तसाच उद्धृत होत राहिला असता.

उलटतपासणी

हे पटलं. पण मग कुणीतरी उघडून बघणं हे काम कुणाच्या तरी पदरात टाका ना, त्याला मान द्या, वेळ द्या. सध्या ते फुकट आणि वर शत्रू तयार करणारं काम आहे.

नवशिकी

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय. मी एम.ए. च्या दुसऱ्या वर्षाला आहे, प्रबंध सुरू करायचाय. विषय झोप आणि लक्ष एकाग्र होणं. माझ्याकडे साधारण ऐंशी मुलं होतील, जास्त नाही जमणार. गाइड म्हणतात आधी डेटा आण मग बघू काय निघतं ते, आणि काही निघालं नाही तर तोंडी परीक्षेत अडचण होईल असंही म्हणाले. वरचं सगळं वाचून छातीत धडधडतंय. मी आता काय करू? रजिस्टर्ड रिपोर्टला तर वेळच नाही पुरणार बहुतेक.

गणिती_किडा

@नवशिकी, ऐंशी मुलं आहेत तर दोन गट पाडू नकोस, प्रत्येक मुलाला दोन्ही परिस्थितींत मोजता येतं का बघ. प्रत्येकाची तुलना स्वतःशीच झाली की तेवढ्याच लोकांत बरंच बारीक दिसतं. आणि एकच मुख्य माप ठरव, एकच. बाकीची घे हवी तर, पण ती "इतर" म्हणून.

निळाई

आणि झोप मोडायला लावणार असशील तर मुलांच्या तब्येतीचं आधी विचार गं, नैतिक समितीची मंजुरी लिखित घे.

सांजवारा

@नवशिकी, धडधडू देऊ नकोस, तू योग्य वेळी विचारते आहेस. रजिस्टर्ड रिपोर्ट सोड, तुझ्या वेळापत्रकात नाही बसणार. प्रीरजिस्ट्रेशन एका संध्याकाळचं काम आहे, ओएसएफ (ओपन सायन्स फ्रेमवर्क) या साइटवर फुकट होतं, चार वर्षांपर्यंत बंद ठेवता येतं त्यामुळे कुणी कल्पना चोरेल ही भीती नको. त्यात "योग्य ते विश्लेषण" असं लिहायचं नाही (उलटतपासणी यांचं वाक्य भिंतीवर लाव). कुठल्या मुलाचा डेटा वगळणार आणि का, कधी थांबणार, कुठला फरक आला तर गृहीतक टिकलं म्हणणार आणि किती लहान फरक आला तर "कामाचा परिणाम नाही" म्हणणार, हे आकड्यांत. मग खोटा डेटा बनवून, म्हणजे नुसते रँडम आकडे भरून, त्यावर तुझं विश्लेषण एकदा पूर्ण चालवून बघ. जे ठरवायचं राहून गेलंय ते तिथेच सापडतं.

गाइडशी भांडू नकोस. त्यांना नोंदणीचा कागद नेऊन दाखव आणि तोंडी परीक्षेचा मुद्दा तिथेच काढ: परिणाम नाही आला तरी "इतक्या आकारापेक्षा मोठा परिणाम असता तर या सॅम्पलमध्ये दिसला असता" असं तू आधी ठरवलेल्या आकड्यासकट म्हणू शकशील. परीक्षकासमोर हे उत्तर "काहीच निघालं नाही"पेक्षा कितीतरी भक्कम आहे. बऱ्याच गाइड लोकांना याचा विरोध नसतो, त्यांना कुणी असं करून दाखवलेलं नसतं.

नवशिकी

खूप खूप आभार सगळ्यांचे. एकच शंका, नोंदवल्यावर मध्येच काही बदलावं लागलं तर? म्हणजे समजा यंत्र बंद पडलं, किंवा अर्धी मुलं परीक्षेमुळे आलीच नाहीत.

उलटतपासणी

मग बदल. नोंदणी ही शपथ नाही. काय बदललं, कधी, तोपर्यंत डेटा बघितला होता की नाही, या तीन गोष्टी तारीख टाकून लिही आणि प्रबंधात वेगळा तक्ता दे. मी परीक्षक असतो तर असा तक्ता असलेल्या प्रबंधावर जास्त विश्वास ठेवला असता, एकही बदल न झालेल्या प्रबंधाकडे मी जरा जपूनच बघतो.

ओलीसुकी

@नवशिकी, आणि डेटा फाइलमध्ये कुठल्या रकान्याचा अर्थ काय हे आजच एका कागदावर लिहायला घे. "एस२_आर" म्हणजे काय होतं हे वर्षभराने तुलाही नाही आठवणार, दुसऱ्या कुणाला तर सोडच. नोंदणी झाली की लिंक इथे टाक, मी वाचून शंका काढेन.